पांढऱ्या केसांची अट

शनिवार, संक्रांतीनंतरचा पहिला. वेळ दुपारची, जागा उंद्रीची मराठी शाळा. हजर: माझी माय, शेजारची नजमाचाची, तिची सासू, जिला खाटेसकट उचलून आणलं होतं, शाळेतल्या बाई, ज्या त्या दिवशी मिशी लावून मुलगा झाल्या होत्या, अकोल्याच्या एका नाटक कंपनीच्या मालकीणबाई, यांना शाळेतली एकुलती एक खुर्ची, गावातल्या साठ-सत्तर बायका, त्यांच्या कडेवरची लेकरं मोजली नाहीत, पडद्यामागं डोक्यात ज्वारीचं पीठ चोळून बसलेली इंदूआत्या, आणि पडद्याच्या दोरीशी मी, वय वर्षं दहा. गैरहजर: बाबा आणि गावातले झाडून सगळे पुरुष, कारण खेळ हळदीकुंकवाचा होता आणि फक्त बायकांसाठी होता.

मी आयुष्यभर याद्याच केल्या. आरोग्य खात्याच्या नोकरीत कोणत्या घरातल्या लेकराची लस राहिली, कोणत्या बाईला नववा लागला, कोण माहेरी गेली आणि कधी परतणार, हे लिहून ठेवल्याशिवाय काम होत नाही. हजर कोण आणि गैरहजर कोण एवढं लिहिलं की निम्मं प्रकरण सुटतं असा माझा अनुभव आहे. त्या शनिवारचं मात्र सुटलेलं नाही. मागच्या महिन्यात आत्याच्या सत्कार समितीचे लोक संग्रामपूरला माझ्या घरी आले. म्हणाले, आत्याबाईंची सुरुवात कशी झाली तेवढं दोन पानांत लिहून द्या. मी तिसऱ्या दिवशी दोन पानं दिली. त्यात जे सगळ्यांना माहीत आहे ते नीट लिहिलं. जे त्यात बसलं नाही ते इथं लिहिते आहे.

माझ्या आत्याला तुम्ही पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही, पण चेहरा दिसला की म्हणाल, ‘अरे, ही ती!’ नायकाची आई, नायिकेची विधवा मावशी, गावातली सुईण, कोर्टात साक्ष द्यायला आलेली म्हातारी, मोठ्या घरची जुनी स्वयंपाकीण आणि अलीकडे संध्याकाळी सातच्या मालिकेतली आजेसासू. सत्तेचाळीस वर्षं ती ‘अरे, ही ती’ आहे. तिच्याबरोबर नायिका म्हणून लागलेल्या बायका आई झाल्या, आज्या झाल्या, घरी बसल्या. आत्या पहिल्या दिवशी म्हातारी होती आणि आजही म्हातारी आहे, त्यामुळे तिचं काम कधी सुटलं नाही. असं का झालं, ते आमच्या घराशिवाय सांगता येणार नाही.

आमच्याकडे पुढं चक्की आणि मागं घर होतं. सकाळी सातला बाबा इंजिनाचा हँडल फिरवायचे आणि मग दिवसभर ते पुक्-पुक् चालायचं. इंजिन चालू असताना फळीवरची भांडी बारीक थरथरायची, कपबश्या एकमेकींशी किणकिणत राहायच्या, पाण्याच्या गुंडात गोल गोल रेघा उमटायच्या. घरात सगळ्यांवर पिठाची साय असायची. चक्कीवाल्याच्या घरी भाकरीला दर दिवशी वेगळी चव, कारण गिऱ्हाईक गेल्यावर खालच्या पेटीत जे उरायचं ते आमचं. कधी ज्वारीत थोडी बाजरी आलेली, कधी हरभऱ्याची डाळ, एकदा तर कुणाच्या तरी मेथ्या. माय ते पीठ चिमटीत धरून चाखायची आणि म्हणायची, “आज पाटलाच्या घरचे गहू बी हायेत यात.” त्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, आणि रविवारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा, तोही असा की जिभेवर तासभर राहायचा.

बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधी लिहून टाकते. चक्कीवर बारा तास ओरडून बोलल्याशिवाय गिऱ्हाइकाला ऐकू जात नसे, आणि घरात येताना पायातल्या वहाणा दाराशी काढायचे तसा आवाज काढून ठेवायला ते विसरायचे. भाकरी करपली, मीठ जास्त झालं, पाहुण्याला पाणी उशिरा आलं, हे सगळं ते इंजिनाच्या वर आवाज काढून सांगायचे, इंजिन बंद असलं तरी. दुसऱ्या दिवशी नजमाचाची भिंतीपलीकडून विचारायची, “काल किती करपली व बाई? हमारे यहाँ तक धुआँ आया.” तिचा नवरा गावातला शिंपी, तिच्या तोंडात अर्धी आमची बोली आणि अर्धी तिची. माय हसायची आणि विषय बदलायची.

बाबांना मायनं कधी उलट उत्तर दिलं नाही. ती एकच गोष्ट करायची. चुलीवरचं काही लागून बोट भाजलं की आपण सगळ्याच ते चटकन कानाच्या पाळीला लावतो, पाळी थंड असते म्हणून. बाबांचा आवाज चढला की माय ते करायची. एक हात परातीत असो की मिठाच्या डब्यात, गरम काही लागलेलं नसायचं. पण अंगठा आणि पहिलं बोट कानाच्या पाळीला जायचं, तिथं थोडं थांबायचं आणि खाली यायचं. चेहरा तसाच. चुलीजवळच्या कोपऱ्यात बसून मी अभ्यास करायची, म्हणून मला दिसायचं. बाबा पुढच्या खोलीत असायचे आणि आत्या त्यांना वाढायला. ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तिला स्वतःला माहीत होतं की नाही, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला सुलतानपूरला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा आत्यानं भांडण केलं नाही, रडली नाही, एसटीचं तिकीट स्वतः काढून ट्रंकेसकट परत आली. आल्या संध्याकाळी तिनं चुलीपुढं सासरची सगळी माणसं करून दाखवली: सासरा पान कसं थुंकतो, सासू खोटं बोलताना पदर कसा झटकते, नवरा दुसरीला घरात घेताना आधी कुत्र्याला कसं हाकलतो. माय पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात हे रोज चालायचं. माय म्हणायची, “इंदू, आज कोण आलं होतं वं चक्कीवर?” आणि आत्या त्या माणसाची चाल चालून दाखवायची.

गणपतीतल्या नाटकात बाईचं काम बाईनंच करावं असं शाळेतल्या बाईंनी ठरवलं आणि त्या आत्याला विचारायला आल्या. बाबा म्हणाले, “टाकलेली बाई, आन् तोंडाले रंग लावून उभी राहीन? लोकं शेण घालतीन माह्या तोंडात.” ते संपल्यावर आतून मायचा आवाज आला. इतक्या हळू की बाबांनी “काय म्हणलं?” असं दोनदा विचारलं. माय म्हणाली, “म्हातारीचं काम असलं तं?” बाबांनी विचार केला. म्हातारीकडे कोण डोळा वर करून पाहणार? शेवटी त्यांनी अट घातली. “केस पांढरे पाह्यजे. काये केस दिसले तं टांग तोडीन.”

अशी माझी आत्या चोवीसाव्या वर्षी सत्तरीची झाली. पांढऱ्या केसांसाठी वेगळं काही आणायची गरज नव्हती. चक्कीतलं ज्वारीचं पीठ चाळून ती डोक्यात चोळायची. दुसऱ्या अंकापर्यंत घामानं त्याची कणीक व्हायची आणि खेळ संपल्यावर माय तिच्या डोक्यावर गरम पाणी ओतत बसायची. गावात कुणी काही बोललं नाही. बोलले ते एवढंच, “चक्कीवाल्याची बहीण म्हातारी लई खरी करते.”

खरी करायची तिची पद्धत होती. ती माणसांकडून घ्यायची. कुणाचं उठणं, कुणाचं खोकणं, कुणाची पैसे सोडताना तोंडात पदराची गाठ धरायची रीत. नियम दोन: एका माणसाकडून एकच गोष्ट घ्यायची, कारण दोन घेतल्या की ते माणूस ओळखू येतं, आणि कुणाकडून घेतलं ते कुणाला सांगायचं नाही. आत्या चौथी पास होती. पाठांतर दांडगं, लिहिणं अवघड. म्हणून वही माझ्याकडे होती. मी गावभर पाहत फिरायची आणि लिहायची: नजमाचाचीची सासू, उठून बसताना गुडघ्यावर हात ठेवत नाही, खाटेच्या काठावर ठेवते. पाटलीणबाई, कमी ऐकू येतं म्हणून आधीच हसतात. मी हे फार नीट लिहायची. आज लोक माझ्या टापटिपीचं कौतुक करतात, ती तिथं लागली.

संक्रांतीच्या खेळात एका जागी आत्याचं अडलं. म्हातारीचा मुलगा चारचौघांत, सुनेसमोर, तिच्यावर ओरडतो. संवाद मुलालाच, म्हातारीला एकही नाही. आत्यानं रडून पाहिलं. आमच्या ओसरीवर पडदा शिवत बसलेली नजमाचाची म्हणाली, “इंदू, तू रोती ना, तो ऐसा लगता के तेरेकू शिंक आ रही, पर निकलत नै.”

“मंग काय करू चाची? रोजचं हाये तिचं. रोजच्याले कोण रडते?”

“मेरी सास तो चप्पल निकालती.”

“तुही सास खाटेवरून उतरत नाही, चप्पल कुठून काढन?”

दोघी हसत होत्या. मला वाटलं, मला येतं हे. मी आत्याच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि करून दाखवलं. हात वर, पाळीला बोट, थोडं थांबणं, हात खाली. आत्या हसायची थांबली. तिनं माझ्याकडे पाहत तसंच केलं. पुन्हा केलं. चौथ्या वेळी ते तिचं झालं, म्हातारीचं झालं. मी वही उघडली. आत्या दरवेळी विचारायची, “कोणाचं हाये?” आणि मी नाव लिहायची. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मीही लिहिलं नाही. तिला कळलं म्हणून विचारलं नाही, की खेळ चार दिवसांवर आला होता म्हणून राहिलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

खेळ सुरू झाला. मिशीवाल्या बाई ओरडायला लागल्या तशी लेकरं दचकून रडायला लागली. मग त्या ओरडायच्या थांबल्या आणि आत्याचा हात वर गेला. मागून एक बाई मोठ्यानं हसली, “अवं माय, बोट भाजलं म्हातारीचं!” आणखी दोघी-तिघी हसल्या. मग हसू मधेच तुटलं. खुर्चीवरच्या मालकीणबाईंच्या तोंडात तिळाचा लाडू होता, तो चावायच्या त्या थांबल्या. दोरीशी उभी राहून मी मायकडे पाहिलं. ती दुसऱ्या रांगेत कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसली होती. तिचा हात करंड्यावरून उठून खांद्यापर्यंत आला होता आणि तिथं अडकला होता. तिनं त्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो खाली नेला आणि मांडीखाली दाबून ठेवला. खेळ संपेपर्यंत ती तशीच बसली. त्यानंतर तिनं सगळ्यांना कुंकू लावलं, एकीलाही वगळलं नाही.

घरी जाताना मी दोघींच्या मागून चालत होते. चाची म्हणाली, “तेरी ननद ने तो कमाल कर दी बाई. वो कानवाला किसका उठाया होगा?”

“कोणाचं का असेना,” माय म्हणाली. “बाईचंच असन.”

“और क्या, आदमी का थोड़ी रहेगा.”

“चांगलं केलं तिनं,” माय म्हणाली. आवाजात काही नव्हतं. मी फार कान लावून ऐकलं होतं.

संध्याकाळी मायनं नेहमीसारखं पाणी तापवलं आणि आत्याच्या डोक्यावर ओतायला बसली. आत्यानं विचारलं, “वहिनी, कसं झालं?” माय म्हणाली, “मान खाली घाल, पीठ कानात जाईन.” आत्यानं पुन्हा विचारलं नाही. जेवणाच्या वेळी बाबा आले. भाकरी गार होती. “दिवसभर काय नाटक पाहून राह्यल्या काय?” ते ओरडले, आणि उत्तर ‘हाव’ असल्यामुळे कुणीच बोललं नाही. मी चुलीजवळच्या कोपऱ्यातून मायच्या हातांवर नजर ठेवली होती. ते परातीच्या काठावर होते. तिथंच राहिले. त्या दिवसानंतर तिचा हात कानाला गेलेला मी पाहिला नाही. खरंच बोट भाजलं तर ती पाण्यात बुडवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाबांनी इंजिन बंद केलं. दिवसाउजेडी आमचं इंजिन फक्त कुणी गेलं तरच बंद व्हायचं, त्यामुळे दोन शेजारी काय झालं म्हणून विचारायला येऊन गेले. मालकीणबाई आल्या होत्या. त्या गव्हाच्या पोत्यावर बसल्या, चहा बशीत ओतून प्यायल्या आणि सरळ कामाचं बोलल्या. “मला म्हाताऱ्या करणारी तरुण बाई पाहिजे. खऱ्या म्हाताऱ्या दौऱ्यात आजारी पडतात. हिला माझ्याबरोबर द्या.”

बाबा म्हणाले, “बाईची जात. गावोगाव फिरन, उद्या काही झालं तं?”

“कंपनीत आणखी तीन बाया आहेत, सगळ्या माझ्या खोलीत झोपतात. आणि केस पांढरेच राहतील, ती जबाबदारी माझी.” ही अट त्यांना कुणी सांगितली होती, देव जाणे. बहुतेक चाचीनं.

बाबांनी डोकं खाजवलं, पीठ उडालं. ते मायकडे वळले. ती आतल्या दारात चाळणी घेऊन उभी होती. “तूच सांग वं. म्हातारीचं काम तूच काढलं होतं. जाऊ देऊ का नको?”

बाबांनी चारचौघांत मायला विचारलं, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सगळे तिच्याकडे पाहत होते. आत्या ट्रंकेला टेकून उभी होती. तिचा चेहरा सव्वीस वर्षांचा होता आणि त्यावर कुणाकडूनही घेतलेलं काही नव्हतं. मायनं ‘नको’ म्हटलं असतं तर ती जन्मभर आमच्या घरात भाकरी वाढत राहिली असती, आणि गणपतीत एकदा, संक्रांतीत एकदा म्हातारी झाली असती. हे दहा वर्षांच्या मला कळत होतं, म्हणजे सगळ्यांनाच कळत असणार. मला आणखी एक गोष्ट कळत होती, जी मालकीणबाईंना आणि बाबांना माहीत नव्हती.

“जाऊ द्या तिले,” माय म्हणाली. मग चाळणीतलं पीठ एकदा हलवून म्हणाली, “आता इथं काय ठेवलं हाये तिच्यासाठी?” आणि आत गेली.

हे वाक्य गेली सत्तेचाळीस वर्षं सांगितलं जातं. आत्यानं ते प्रत्येक मुलाखतीत सांगितलं आहे, सत्कारात सांगितलं आहे. अडाणी, मुक्या वहिनीनं दार उघडलं आणि टाकलेली नणंद जगात गेली. मी समितीला दिलेल्या दोन पानांतही तेच आहे. पण मी तिथं होते. मायनं ते वाक्य कोणत्या आवाजात म्हटलं हे मी रोज आठवून पाहते आणि मला दर वेळी वेगळं ऐकू येतं. कधी वाटतं, तिनं आत्याला मोकळं केलं. कधी वाटतं, घरातून काढलं. चार दिवसांनी आत्या निघाली तेव्हा मायनं तिला दशम्या बांधून दिल्या आणि वरून पाच शेर ज्वारीचं पीठ दिलं, बारीक दळलेलं, दोनदा चाळलेलं. “तिकडचं पीठ कसं राहीन काय मालूम.” मग गाडी सुटेपर्यंत ती थांबली नाही, भाजी चुलीवर आहे म्हणून परतली. भाजी खरंच चुलीवर होती, मी पाहिली होती.

मला ती काही बोलली नाही. मी मार खायची तयारी ठेवली होती, तो मिळाला नाही. फक्त आठवडाभरानं ती म्हणाली, “तू पुढच्या खोलीत अभ्यास करत जाय. तिथं उजेड चांगला हाये.” तिथं उजेड खरंच चांगला होता. मी चौथीत पहिली आले. पण मला चुलीजवळून उठवलं ते उजेडासाठी की कशासाठी, हे मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात त्यानंतर कुणी कुणाची चाल चालून दाखवली नाही. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला.

आत्या कंपनीबरोबर विदर्भ फिरली, मग पुण्याला गेली, मग मुंबईला. तिच्या भूमिकांची यादी मी केली आहे आणि ती अपुरी आहे, कारण सुरुवातीच्या कित्येक ठिकाणी तिचं नावच छापलेलं नाही. त्या यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. सून अपमान करते, हात पाळीला जातो. मुलगा म्हातारीला वृद्धाश्रमात सोडून वळतो, हात पाळीला जातो. पुढं लोक त्याची वाट पाहू लागले, गॅदरिंगमध्ये पोरं तिची नक्कल करू लागली. एकदा कुणी तिला विचारलं की हे कुठून आणलं, तर ती हसून म्हणाली, “आमच्याकडच्या सगळ्या बाया करतात.” ती दर दिवाळीला घरी यायची, मायसाठी लुगडं आणायची, माय ते नेसायची. दोघी शेजारी बसून करंज्या भरायच्या. आत्या “वहिनी, वहिनी” करायची आणि माय तिच्या ताटात जास्त वाढायची. मी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहायची. काही दिसलं नाही.

बाबा गेल्यावर माय संग्रामपूरला माझ्याकडे राहायला आली. संध्याकाळी सातला ती मालिका लावायची आणि पाय लांब करून बसायची. एका संध्याकाळी मी तिच्याजवळ मेथी निवडत होते. पडद्यावर नातसून काहीतरी लागेल असं बोलली आणि आत्याचा हात वर गेला.

“चुकीच्या हातानं करते,” माय म्हणाली.

मी म्हणाले, “काय?”

“उजव्या हातानं करून राह्यली इतके वर्सं. डावा पाह्यजे. उजवा तं कणकीत राह्यते.” तिची नजर पडद्यावरच होती. “समोर बसून दाखवलं की असंच होते. तुह्या डाव्यासमोर तिचा उजवा आला असन.”

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मला दहा वर्षांची असताना वाटली होती तशीच भीती वाटली. मग मी विचारलं. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते एका दमात विचारलं. “माय, म्हणून तू तिले जाऊ द्या म्हणाली होतीस का?”

जाहिराती लागल्या. मायनं त्या शेवटपर्यंत पाहिल्या. मग म्हणाली, “मलेच नाही समजलं तवा. तोंडातून निंगालं ते निंगालं. आता लोकं म्हणतेत चांगलं केलं, तं चांगलंच केलं असन.” रिमोट उचलून म्हणाली, “तिले सांगजो. डावा हात. येवढं नाव झालं तिचं, बरोबर तं करा.”

“तूच सांग ना, माय. दिवाळीले येईनच.”

“मी नाही सांगत. तू दाखवलं, तू सांग.” आणि तिनं आवाज वाढवला, टीव्हीचा.

त्या दिवाळीला आत्याचं शूटिंग होतं, ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला माय नव्हती. तिच्या मागं माझ्याकडे तिचे फोटो आहेत, दोन लग्नांतले आणि एक आधार कार्डावरचा, तिन्हींत ती ताठ मानेनं समोर पाहते आहे. तिला हालताना पाहायचं असलं तर मी आत्याची मालिका लावते. पण आरशात पाहिल्यासारखं दिसतं, आणि आता मला कळलेलं आहे म्हणून तेवढंच डोळ्यांत भरतं.

आत्या दर रविवारी फोन करते. त्र्याहत्तर वर्षांची आहे, केस आता आपोआप पांढरे आहेत. मागच्या रविवारी तिनं विचारलं, “काय वं, सत्काराले येशीन नं? का तुह्या लशी घेऊन बसशीन?” मग म्हणाली की उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून नवीन काम आहे, पणजीचं, संवाद एकही नाही, नुसतं खाटेवर बसायचं. “तो डायरेक्टर पोरगा म्हणते, आजी, तुमचं ते कानाचं कराच. मी म्हणलं, करीन बाप्पा, तेवढंच तं येते मले.” मी म्हणाले, “आत्या,” आणि थांबले. डाव्या हाताचं सांगितलं तर त्यासोबत आणखी काय काय सांगितल्यासारखं होईल, ते मला नीट मांडता येईना: की वहिनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की ज्या वाक्यावर तू आयुष्य उभं केलंस त्याचा अर्थ बोलणारीलाही लागला नव्हता. किंवा यातलं काहीच होणार नाही, आणि ती फक्त म्हणेल, बरं केलं सांगितलं, आणि हात बदलेल. माय रागावून बोलली होती की प्रेमानं, हे मला कळलं असतं तर कसं सांगायचं तेही कळलं असतं. “काय वं?” आत्या म्हणाली. मी म्हणाले, “तिकडे थंडी असेल, स्वेटर घेऊन जा.”

आज गुरुवार. शूटिंग सोमवारी सुरू होईल. निरोप अजून द्यायचा आहे.